बहात्तर पायऱ्यांचा भाव

घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं सांगून गेली. विकून पाहावं असं कुणी सांगितलं नाही. ज्यांनी विकून पाहिलं, त्यांच्या अंगात नंतर म्हण रचण्याइतकं त्राण उरलं नसावं.

मिस्त्रीनं घर बांधलं नव्हतं, विकत घेतलं होतं. चौथा मजला, दोन खोल्या, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. सुतारकामात त्याचा हात असा, की त्यानं बसवलेलं दार लावलं तर खोलीतली माशीसुद्धा आपण कोंडलो गेलो हे ओळखून मुकाट बसायची. एका बड्या गिऱ्हाइकाकडे त्यानं केलेला खण इतका अलगद सरकायचा, की समोरच्या इमारतीत कुणी शिंकलं तरी तो उघडायचा. गिऱ्हाईक तक्रार करायचं सोडून पाहुण्यांना शिंकायला लावायचं. यातलं निम्मं खरं धरलं तरी माणूस गुणी होता. आणि गुणी माणसाला जो रोग जडतो तो त्यालाही जडला होता. जगात सगळं गुणावर चालतं असं त्याला वाटायचं.

अठरा वर्षांपूर्वी त्यानं आपल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि तिच्या जागी एक कपाट उभं केलं. कपाट म्हणणं म्हणजे हत्तीला जनावर म्हणण्यासारखं. स्वयंपाकघराकडून उघडलं तर त्यात ताटं, डबे, बरण्या. खोलीकडून उघडलं तर कपडे, पुस्तकं आणि खाली ओढून घ्यायचा पलंग. मधले चार कप्पे दोन्ही बाजूंनी उघडायचे. चहाचा कप इकडून ठेवावा, तिकडून उचलावा. अख्ख्या कपाटात एक खिळा नव्हता, सगळं खाचेत खाच. बघायला लोक चार मजले चढून यायचे आणि धापा टाकत 'वा' म्हणायचे.

मिस्त्रीची बायको सव्वीस वर्षं सिनेमाच्या तिकीट-खिडकीत बसली होती. हिशेबाला पक्की, जिभेला त्याहून पक्की. सुट्टे पैसे मोजता मोजता रांगेतल्या सहाव्या माणसाला गप्प करायची. निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड जोडलं आणि सांगितलं, सपाटीवर कितीही चाला, जिन्याला मात्र पाय लावायचा नाही. सपाटी म्हणजे काय, तर कपाटाच्या अलीकडे नऊ पावलं आणि पलीकडे सात. तेव्हापासून चौदा महिने ती खाली उतरली नव्हती.

रडायचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणायची, सव्वीस वर्षं वीतभर भोकातून जग बघितलं, आता खिडकी मोठी मिळालीय, माझी काय तक्रार. पण भाजीवाला खालून ओरडला की ती खिडकीतून भाव करायची आणि हरायची. एकदा तिनं नवऱ्याला साफ सांगितलं, की तिला कुणाशी तरी समोरासमोर भांडायचंय. वरून भांडलं की आवाज खाली पोचेपर्यंत राग उतरून जातो.

त्या दिवशी मिस्त्रीनं ठरवलं. हे घर विकायचं आणि तळमजल्यावर घर घ्यायचं.

दलाल शोधावा लागला नाही. घर विकायचा विचार माणसाच्या डोक्यात यायच्या आधी त्याचा वास दलालाला येतो. त्या वस्तीतल्या दलालाला सगळे होयबा म्हणायचे, कारण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून आजवर कुणी ऐकला नव्हता. घराला ऊन येतं का? होय. सावली असते का? होय. एकाच वेळी? होय होय. त्यानं मिस्त्रीला दोन गल्ल्या सोडून एक घर दाखवलं. तळमजला, दोन खोल्या, पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार हातभर अंगणात, आणि त्या अंगणात दुपारभर ऊन. मालकीण एक निवृत्त नर्सबाई. किंमत अडतीस लाख. मिस्त्रीनं दाराची चौकट बोटानं वाजवून पाहिली. लाकूड खणखणीत बोललं. त्याला तेवढं पुरलं.

आता स्वतःच्या घराचा भाव. त्याच्याच मजल्यावरचं शेजारचं घर नुकतंच साडेछत्तीसला गेलं होतं. मिस्त्रीनं त्यावर कपाटाचे साडेतीन लाख धरले आणि चाळीस म्हणाला. होयबा होय म्हणाला. चाळीसला विकायचं, अडतीसला घ्यायचं, दोन हातात. इतका सोपा हिशेब त्यानं आयुष्यात दुसरा केला नव्हता. घरात साठवलेले चार लाख होते, त्यांतले एक लाख नव्वद हजार अडीअडचणीला ठेवून आणि दहा हजार किरकोळीला काढून त्यानं दोन लाख नर्सबाईंना इसार दिले. कागद झाला. नव्वद दिवसांत बाकीचे पैसे देऊन व्यवहार पुरा करायचा. घेणारा फिरला किंवा मुदत चुकली तर इसार बुडाला.

कागद घेऊन तो पायऱ्या चढला, तो जणू दहा-बारा पायऱ्या कुणी काढून नेल्यासारखा. बायकोनं चष्मा लावून कागद वाचला, मग प्लायचा एक तुकडा आणि त्याची चपटी पेन्सिल मागून घेतली.

"होयबाला किती?"

"दोन टक्के."

"विकण्याचे की घेण्याचे?"

मिस्त्री थांबला. दोन्हींचे, म्हणाला. तिनं लिहिलं. मग सरकारी स्टॅम्पचे विचारले. नोंदणीचे विचारले. इमारतीच्या कमिटीला नाव बदलायचे किती, ते विचारलं. प्रत्येक प्रश्नाला मिस्त्री खाली होयबाकडे जाऊन उत्तर आणत होता. होयबा चहाच्या टपरीवर बसून मोकळ्या मनानं एकेक आकडा सांगत होता. आधी का सांगितलं नाहीस म्हटल्यावर, विचारलंत कुठे काका, म्हणत होता. तिसऱ्या फेरीनंतर मिस्त्रीचे गुडघे बोलायला लागले आणि प्लायचा तुकडा भरला. तुकड्यावर सव्वाचार लाखांच्या वर खर्च उभा होता. दोन हातात राहायचे ते गेले, वर घरातल्या शिल्लकीला हात घालायची वेळ आली.

"फळी कापताना करवत जेवढं लाकूड खाते, तेवढं सोडून खूण करता ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग इथंच कसे विसरलात?"

तिनं पुन्हा बेरीज केली. पिळून पिळून का होईना, बसत होतं. विक्रीचे चाळीस आले की बसत होतं. तिनं प्लायचा तुकडा कपाटावर उभा केला आणि त्या रात्री पहिल्यांदा विचारलं की मागच्या अंगणात खुर्ची मावेल का.

चाळीस द्यायला तयार असलेला माणूस अकराव्या दिवशी आला. दातांचा डॉक्टर, तिशीतला, नवीन दवाखाना, नवीन बायको, नवीन दाढी. मजले चढून वर आला तेव्हा त्याच्याच तोंडाचा आ वासलेला होता. पण कपाट दिसलं आणि तो श्वास घ्यायचं विसरला. मधला कप्पा त्यानं इकडून उघडला, तिकडून उघडला, मग वाकून आरपार बायकोकडे बघून हात हलवला. चाळीसला घासाघीस न करता हो म्हणाला. मिस्त्रीची छाती दोन इंच वाढली. त्याला वाटलं, बघा, गुणाला मोल आहे.

दातवाल्यानं हातावर पंचवीस हजार ठेवले, बाकीचे बँकेच्या कर्जातून. त्याचा कागदही होयबानंच केला. तो वाचताना मिस्त्रीच्या बायकोचं बोट एका ओळीवर थांबलं. बँकेनं कर्ज नाकारलं तर घेणाऱ्याचे पैसे परत, असं त्यात लिहिलं होतं.

"हे वाक्य त्याच्या कागदात आहे," ती होयबाला म्हणाली. "आमच्या कागदात का नाही? आमचं घर विकलं गेलं नाही तर आमचा इसार परत, असं?"

"तुम्ही मागितलं नाहीत, वहिनी," होयबा म्हणाला. आणि खरोखर त्याच्या आवाजात दिलगिरी होती.

बँक कर्ज देण्याआधी घर मोजायला माणूस पाठवते, हे मिस्त्रीला माहीत होतं. मोजणीचं त्याला काय भय? चौतिसाव्या दिवशी एक चष्मेवाली बाई आली. तिच्या हातात फीत नव्हती, एक काळी डबी होती. डबीचं बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडायचा आणि आकडा उमटायचा. मिस्त्रीनं नजरेनं अंदाज सांगितला, डबीनं आकडा सांगितला. तीनदा दोघांचं जमलं. बाईही हसली. मग तिनं इमारतीचा मंजूर नकाशा उलगडला आणि ठिपका कपाटावर नेला.

"इथं भिंत आहे," ती म्हणाली.

"होती. अठरा वर्षं झाली."

"नकाशावर आहे."

"बाई, हे बघा," म्हणून मिस्त्रीनं मधला कप्पा उघडला. बाईनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक आलं, थोडा वेळ टिकलं, आणि मग तिनं वहीत काहीतरी लिहिलं. लाकूड चांगलंय, म्हणाली, पण बँक लाकडावर कर्ज देत नाही. नकाशावर दोन खोल्या आहेत, जागेवर एकच आहे. परवानगीचा कागद असेल तर दाखवा.

परवानगी? आपल्याच घरातली आपलीच भिंत, तीही भार न पेलणारी, फक्त आडवी येणारी. असली भिंत पाडताना कुणी कुणाला विचारतं? मिस्त्रीनं ती टिचकीनं जोखली होती, पोकळ वाजली होती, पाडली होती. त्याच्या धंद्यात एवढंच बघतात.

सात दिवसांनी उत्तर आलं. नकाशाप्रमाणे घर करून द्या, मग कर्जाचं बघू. दातवाला म्हणाला, मी थांबतो काका, पण लवकर करा.

कपाट दारातून बाहेर जाणार नव्हतं. ते घरातच जन्मलं होतं, दारापेक्षा मोठं झालं होतं. खाचेतून खाच सोडवायची म्हटलं तर अठरा वर्षांत लाकूड लाकडाला असं धरून बसलं होतं की मुंगीलाही मधून जायला वाट नव्हती. मिस्त्रीनं दोन दिवस लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी करवत काढली. बायको पलंगावर बसून बघत होती. पलंगही कपाटाचाच असल्यामुळे तिला मध्येच उठून खुर्चीवर बसावं लागलं. ताटं, बरण्या, कपडे, सगळं जमिनीवर आलं. दुपारपर्यंत चौदा फळ्या झाल्या. मिस्त्री त्या एकेक करून खाली नेत होता तेव्हा जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यानं विचारलं, जळण का? मिस्त्री हो म्हणाला. तेवढ्यापुरता तोही होयबा झाला.

गवंड्यानं भिंत उभी केली. नकाशात होती तिथंच, तेवढीच. घर एकदम अंधारलं. इतके दिवस स्वयंपाकघरातल्या खिडकीचं ऊन कपाटाच्या कप्प्यातून खोलीत यायचं, हे ऊन बंद झाल्यावर कळलं. बायको खोलीत बसली की तिला आता चहा करणारा नवरा दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. भिंतीचे, इंजिनिअरच्या दाखल्याचे आणि कमिटीच्या दंडाचे मिळून नव्वद हजार गेले. कमिटीनं दंड अठरा वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा घेतला आणि पावती आजची दिली.

सत्तराव्या दिवशी चष्मेवाली बाई पुन्हा आली. लाल ठिपका भिंतीवर पडला. तिनं मान हलवली, आता बरोबर आहे म्हणाली. आठ दिवसांनी बँकेचा आकडा आला. दोन लहान खोल्या, उजेड कमी, लिफ्ट नाही. किंमत पस्तीस लाख. कर्ज त्या पस्तिसावर मिळेल, चाळिसावर नाही.

दातवाला स्वतः वर आला, हे त्याचं चांगलं. भिंतीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, की तो छत्तीसपर्यंत जाऊ शकेल, तेही स्वतःच्या खिशातून जास्तीचे घालून.

"चाळीस म्हणाला होतात," मिस्त्री म्हणाला.

"काका, मी चाळीस त्या कपाटाचे देत होतो. आता कपाट कुठाय?"

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्या दिवशी त्याला कळलं, आणि फार राग आला.

प्लायच्या दुसऱ्या तुकड्यावर बायकोनं हिशेब मांडला. छत्तीसला विकलं, सगळे खर्च दिले, घरात उरलेला लाख घातला, तरी सव्वातीन लाखांचं भोक राहत होतं. नव्वदपैकी बारा दिवस उरले होते. मिस्त्री धुतलेला सदरा घालून बँकेत गेला. तिथला माणूस सभ्य होता, त्यानं बसायला खुर्ची दिली. वय विचारलं. त्रेसष्ट. पगाराची स्लिप मागितली. मी मिस्त्री आहे, असं मिस्त्रीनं सांगितलं. मग तीन वर्षांचे मिळकतीचे कागद मागितले. मिस्त्रीनं शहरातल्या सोळा घरांची नावं सांगितली, जिथं जाऊन साहेबांनी दारं उघडून-लावून बघावीत. माणूस सभ्यपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, कमावता मुलगा वगैरे असेल तर त्याच्या नावावर बघता येईल. मूलबाळ नव्हतं. माणसानं बाहेरपर्यंत येऊन दार उघडून दिलं. ते दार कुरकुरलं. मिस्त्रीनं बिजागरीकडे बघितलं आणि निघून आला.

बँकेच्या बाहेर होयबा उभाच. त्याच्या ओळखीचा एक माणूस होता, कागद-बिगद काही मागत नव्हता. महिन्याला शेकडा तीन व्याज आणि तारण म्हणून मिस्त्रीचं वर्कशॉप, यंत्रांसकट. मिस्त्री हो म्हणून आला. घरी येऊन बायकोला सांगताना त्यानं आकडा हळूच सांगितला. तिला हळू बोललेले आकडे जास्त ऐकू यायचे.

"महिन्याला पावणेदहा हजार नुसतं व्याज," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "मुद्दल तसंच. रंधा किती वर्षं चालेल अजून?"

"चालेल."

"तो हप्ता चुकला की वर्कशॉप गेलं. वर्कशॉप गेलं की हप्ता चुकणारच. मी खाली येणार आणि तुम्ही मातीत जाणार, असला सौदा मला नको. त्याला नाही म्हणून सांगा."

"इसार बुडेल."

"बुडू दे. बुडत्याबरोबर आपण कशाला?"

मिस्त्री स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला. पलीकडे ती रडतेय की काय, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी भिंतीला वळसा घालून जावं लागत होतं, आणि तेवढ्यात तिला डोळे पुसायला वेळ मिळत होता.

नव्वदाव्या दिवशी तो नर्सबाईंकडे गेला. महिनाभर मुदत वाढवा, म्हणाला. नर्सबाईंनी त्याला पाणी दिलं, कागद दाखवला, आणि आपलं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी स्वतः बहिणीच्या गावी एक खोली ठरवली होती, तिथं इसार दिला होता. मिस्त्रीचे पैसे आले नाहीत म्हणून त्यांचीही मुदत चुकत होती. तुमचे दोन लाख मी खाणार नाही हो मिस्त्री, त्या म्हणाल्या, ते असे येऊन असे पुढं जाणार. इंजेक्शन देताना 'दुखणार नाही' म्हणायचा त्यांचा जुना आवाज होता तो. मिस्त्रीनं पुढच्या दाराकडे आणि मागच्या दाराकडे बघितलं. अंगणात खुर्ची मावत होती. दोनसुद्धा मावल्या असत्या.

छत्तीसला घर विकून उपयोग नव्हता, कारण मग राहायचं कुठं? त्यानं दातवाल्याला पंचवीस हजार परत केले. दातवाल्याकडे मंजूर कर्ज होतं आणि घर नव्हतं. नर्सबाईंकडे घर होतं आणि घेणारा नव्हता. मधे होयबा होता. तीन आठवड्यांत नर्सबाईंचं घर दातवाल्यानं एकोणचाळीसला घेतलं. मिस्त्रीचा सौदा फिसकटला तरी होयबानं त्याच्याकडून धावपळीचे म्हणून पाच हजार नेलेच. नाही म्हणणं त्याला जसं जमत नसे, तसं नको म्हणणंही जमत नसे.

पुढच्या महिन्यात दातवाल्याचा फोन आला. त्याला दोन्ही बाजूंनी उघडणारं कपाट हवं होतं, अगदी तसंच. नव्या घरात मधली भिंत होती, ती काढायची.

मिस्त्रीनं विचारलं, "परवानगी?"

"बँकेची मोजणी झाली, कर्ज मिळालं. आता कोण येतंय बघायला?"

"विकायच्या वेळी येतील."

"मला कुठं विकायचंय, काका," दातवाला हसत म्हणाला.

मिस्त्रीनं साडेतीन लाख सांगितले. दातवाला म्हणाला, की बँकेनं त्या कपाटाचं मोल शून्य धरलं होतं हे काकांना ठाऊक आहेच, तरी तो लाकूड सोडून एक लाख देईल. शेवटी सव्वा लाखावर जमलं. न घेऊन करतो काय? घरात उरलेल्या लाखाला रोजच्या खर्चाचे दात लागले होते.

महिनाभर मिस्त्री रोज त्या घरी जाऊन काम करत होता. संध्याकाळी वर आला की बायको विचारायची. ऊन किती वाजता अंगणात येतं? भाजीवाला दारापर्यंत येतो का? शेजारीण कशी आहे, भांडकुदळ आहे का? मिस्त्री आधी टाळायचा, मग थोडं कमी करून सांगायचा. ऊन काही खास नाही, शेजारीण मुकी आहे. शेजारीण मुकी म्हटल्यावर तिला पटलं नाही.

"मला एकदा दाखवा ते घर," ती म्हणाली.

सामानासारखं उचलून खाली जायला तिनं हाड जुळल्यापासून साफ नकार दिला होता. पाठीवर कपाटं नेणारी माणसं मिस्त्रीच्या रोजच्या ओळखीची होती, पण त्यानं विषय काढला की ती म्हणायची, मी काय सोफा आहे? त्या दिवशी मात्र ती स्वतःच खुर्चीत बसली, पदर खोचला आणि दोन हमालांना म्हणाली, की कोपरे सांभाळा, पॉलिश जुनं आहे. तीही हसली, हमालही हसले. बहात्तर पायऱ्या उतरायला त्यांना सहा मिनिटं लागली. मिस्त्री मागून येत होता. दीड वर्षांत पहिल्यांदा तिच्या पायाखाली रस्ता आला. दोन गल्ल्या ती काठी टेकत स्वतः चालली.

दातवाला दवाखान्यात होता, त्याची बायको घरात होती. काकू आत या ना, म्हणाली. काकू आत आल्या, दोन्ही खोल्या बघितल्या, अर्धवट उभं राहिलेलं कपाट बघितलं, आणि मागच्या अंगणात जाऊन बसल्या. दुपारभर बसल्या. भाजीवाला आला तेव्हा तिनं दातवाल्याच्या बायकोच्या वतीनं असा भाव केला की तो पैसे घेऊन दोनदा मोजत गेला. कुंपणापलीकडच्या शेजारणीशी कपडे वाळत घालण्यावरून तिचं बोलणं झालं, आणि ते चांगलं चढ्या आवाजात झालं. शेजारीण मुकी नव्हती. आत रंधा मारणाऱ्या मिस्त्रीला ते ऐकू येत होतं आणि रंध्यातून निघणारी साल मध्येच तुटत होती.

पाच वाजता तो बाहेर आला, तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"हमालांना किती द्यायचे ठरलेत?" तिनं विचारलं.

"जाऊन-येऊन चारशे."

तिनं अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. तिकीट-खिडकीत बसल्यावर तिचे ओठ जसे हलायचे तसे हलले.

"दोन लाखांत पाचशे वेळा," ती म्हणाली. "हाड जुळलं त्या दिवसापासून रोज आले-गेले असते. आज संपले असते पैसे."

मिस्त्रीनं हातावरचा भुसा झटकला. तो झटकून झाला तरी झटकत राहिला.

"मीच नको म्हणत होते," ती म्हणाली. "तुमचं काही नाही त्यात."

हे तिनं समजूत घालायला म्हटलं होतं, पण मिस्त्रीला ते करवतीसारखं गेलं. त्याला म्हणायचं होतं की त्यानं जोर करायला हवा होता, की घर म्हणजेच उपाय असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, की खाच काढणाऱ्या माणसाला सगळीकडे लाकूडच दिसतं. तेवढ्यात दातवाल्याची बायको चहा घेऊन आली. काकू, परत कधीही या, म्हणाली. काकू बरं म्हणाल्या.

हमाल ठरल्याप्रमाणे इमारतीच्या दारात उभे होते. तोपर्यंत ती चालत आली होती, वाटेत दोनदा थांबून. खुर्ची फुटपाथवर ठेवलेली होती. ती तीत बसली. रस्त्यावर अजून ऊन होतं, समोरच्या दुकानाची पायरी अजून तापलेली होती, आणि पायरीवर बसलेल्या दोन बायका तिच्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघत होत्या.

"यांना म्हणावं, दहा मिनिटं थांबा," ती मिस्त्रीला म्हणाली. मग तिनं विचारलं, "थांबायचे वेगळे घेतात का?"

"घेतात."

"मग उचला," ती म्हणाली.